बावीसशेचे बूट आणि रतनगडची उतरण

पत्र:

ताई, मी मूळचा सांगली जिल्ह्यातला, जूनपासून पुण्यात नोकरीला आहे. ऑफिसातल्या चौघांबरोबर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रतनगड ते हरिश्चंद्रगड असा तीन दिवसांचा ट्रेक ठरलाय. आजवर मी फक्त सिंहगड आणि लोहगड केलाय, तोही कॉलेजच्या स्पोर्ट्स शूजवर. म्हणून ऑनलाइन सेलमध्ये २,१९९ रुपयांचे हायकिंग बूट घेतले. घोट्याच्या वर येतात, ‘वॉटरप्रूफ’ आणि ‘अँटी-स्किड’ लिहिलंय, छापील किंमत ५,४९९ आहे. माहितीत सोल ‘एअरमिक्स’ असा दिलाय. घरात घालून बघितले, बिल्डिंगचे चार मजले चढलो-उतरलो. चढताना मस्त वाटले, उतरताना डावा अंगठा पुढे टेकत होता. वापरून सैल होतील असं रूममेट म्हणतो. ट्रेकचा लीडर म्हणतो, सात-आठ हजारांचे चांगले घे, नाहीतर येऊ नकोस. दुसरा मित्र म्हणतो, गावातली माणसं साध्या चपलेवर गड चढतात, तू कशाला पैसे घालवतोस. मला घरी पैसे पाठवावे लागतात, यापेक्षा जास्त झेपणार नाही. परत करायला सहा दिवस आहेत. ठेवू की परत करू? – प., पुणे

उत्तर:

प्रिय प.,

तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही तुला अरेतुरे करते. मुदत सहाच दिवसांची आहे, तेव्हा आधी उत्तर सांगते: बूट परत कर.

बावीसशे रुपयांत सह्याद्रीत नीट चालतील असे शूज मिळतात, ते कसे ओळखायचे तेही पुढे सांगते. त्यामुळे स्वस्तातलं घेतलं म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. या जोडीत मात्र दोन दोष आहेत आणि दोन्ही तुझ्याच पत्रात आलेत. एक, उतरताना टेकणारा अंगठा. दुसरा, ‘एअरमिक्स’ हा शब्द.

अंगठ्यापासून सुरुवात करते. चार मजले उतरताना तो पुढे टेकला, ही बारीकशी गोष्ट वाटली असेल तुला. मी पत्र वाचताना तिथेच थांबले. दुकानात काय, घरात काय, आपण बूट सपाट फरशीवर घालून बघतो, फार तर जिना चढतो. चढताना पाय बुटात मागे सरकतो, टाच मागे घट्ट बसते आणि पुढे ऐसपैस वाटतं. उतरताना सगळं उलटं होतं. अंगाचा आणि सॅकचा मिळून सगळा भार दर पावलाला पाय पुढे ढकलतो. कात्राबाईच्या खिंडीतून वाटेतल्या कुमशेत गावाकडे उतरताना, मग शेवटच्या दिवशी हरिश्चंद्रगडावरून खाली येताना तुझा अंगठा हजारो वेळा आपटणार आहे. पहिला तासभर नुसतं दुखतं. मग नखाखाली रक्त साकळतं, नख काळं पडतं आणि काही आठवड्यांनी गळून जातं. राजगड-तोरणा केला तेव्हा माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं अशीच गेली होती, नवी पूर्ण यायला वर्षाच्या वर लागलं. नख गेलं तरी परत येतं. खरी भीती वेगळीच असते. अंगठा ठणकायला लागला की माणूस तो वाचवायला पाऊल वाकडं टाकतो, मागे रेलून टाचेवर उतरायला बघतो, आणि घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मुरमाच्या उतारावर, टाचेवर रेललेला माणूस हमखास घसरून बसतो.

‘वापरून सैल होतील’ हे रूममेटचं म्हणणं अर्धंच खरं आहे. बूट रुंदीत थोडा सैलावतो, चामड्याचा असेल तर जास्त, तुझ्यासारख्या कापडी-प्लास्टिकच्या बुटात अगदी थोडा. लांबीत तो कधीच वाढत नाही. अंगठा आज टेकतोय तर तो दोन महिन्यांनीही टेकणार.

आज संध्याकाळी एक करून बघ. संध्याकाळीच, कारण दिवसभर उभं राहून, चालून पाय थोडे फुगलेले असतात आणि ट्रेकवर तसेच असणार. बुटातली गादी बाहेर काढ, जमिनीवर ठेव आणि तिच्यावर मोजा घालून सगळा भार देऊन उभा राहा. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे एक-दीड सेंटिमीटर जागा उरली पाहिजे. ते बोट अंगठाच असतं असं नाही, पुष्कळांचं शेजारचं बोट लांब असतं. मग बाजूने बघ. करंगळी किंवा चवड्याची कड गादीच्या बाहेर लोंबत असेल तर बूट अरुंद आहे. लहानपणी अनवाणी, नाहीतर चपलेवर हिंडलेल्यांचे चवडे पसरट असतात. तूही गावात वाढलायस, तुझं तसंच असण्याची शक्यता आहे. दोन्ही पायांवर हे कर. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतो आणि माप मोठ्या पायाचं घ्यायचं. तुझा डावाच टेकतोय, त्यावरून डावा मोठा दिसतो.

आता ‘एअरमिक्स’. स्वस्त शूजच्या माहितीत हा शब्द सारखा दिसतो आणि ऐकायला छान वाटतो, म्हणून फोड करून सांगते. एअरमिक्स म्हणजे हवा मिसळून फुगवलेलं पीव्हीसी. वजनाला हलकं, बनवायला स्वस्त, रस्त्यावर आणि ऑफिसात चांगलं टिकतं. अडचण दगडावर येते.

आपला सह्याद्री साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. थरावर थर पसरत गेले, म्हणून आपल्याकडे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो: उभा कडा, मग सपाटी, परत कडा. वाट सपाटीवरून आडवी जाते आणि जिथे कड्याला चीर सापडते तिथून एकदम वर चढते किंवा खाली कोसळते. त्यामुळे आपली उतरण लांबलचक आणि मवाळ नसते. ती तुकड्यातुकड्यांची आणि तिखट असते, पायाखाली कधी उघडा कातळ, कधी कातळावर पसरलेला मुरूम. काळा कातळ जवळून बघ. त्याला पुष्कळ ठिकाणी हरभऱ्याच्या डाळीएवढी बारीक भोकं असतात, मधेमधे खरखरीत कण वर आलेले असतात. मऊसर रबर भाराखाली या खळग्यांत दबतं आणि धरून ठेवतं. पीव्हीसी दबत नाही, ते कणांच्या टोकांवर नुसतं टेकून राहतं. थंडीत ते आणखी कडक होतं, आणि हरिश्चंद्रगडावर डिसेंबरच्या पहाटे कसा गारठा असतो ते तू बघशीलच. तळाला कितीही खोल खाचा असल्या आणि खोक्यावर कितीही ठळक ‘अँटी-स्किड’ छापलं असलं, तरी पकड मुळात मालाची असते, खाचा नंतर येतात.

खाचांचं काम दुसरीकडे असतं: मुरमात, सुक्या गवतात, मातीत. खाचा चार-पाच मिलिमीटर खोल हव्यात, एकमेकींपासून सुट्या हव्यात म्हणजे माती आत चिकटून राहत नाही, आणि टाचेच्या पुढच्या बाजूला स्पष्ट कंगोरा हवा. उतरताना ब्रेक लागतो तो त्या कंगोऱ्याने. तळवा टाचेपासून चवड्यापर्यंत एकसलग सपाट गेला असेल तर तो शूज शहरासाठी बनवलेला आहे असं समज.

रबर की पीव्हीसी, हे हातानेही कळतं. सोलमध्ये अंगठ्याचं नख जोरात रुतव. रबरात ते थोडं रुततं, सोडलं की जागा परत भरून येते. पीव्हीसीवर नख सरकतं, बोट फिरवलं तर गुळगुळीत, चकचकीत लागतं. दुसरी परीक्षा स्वयंपाकघरात. कडप्प्याचा ओटा ओला कर, एका हाताने बुटाचा तळ त्यावर दाबून पुढे ढकल, मग तुझा कॉलेजचा जुना शूज तितक्याच जोराने ढकल. कुठला अडतो आणि कुठला साबणासारखा जातो, ते मनगटाला लगेच समजतं. नंतर तळ नीट पुसून कोरडा कर, बूट परत पाठवायचाय.

सोलबद्दल मी इतकं बोलतेय त्याला इतिहासही आहे. पूर्वी युरोपातले गिर्यारोहक खिळे ठोकलेले जड चामडी बूट वापरत आणि अवघड खडकावर ते काढून पातळ तळव्याचे शूज घालत. १९३५ साली इटलीच्या आल्प्समध्ये एक तुकडी अशाच हलक्या शूजवर वर असताना वादळात अडकली आणि सहा जण गेले. त्यांचा सोबती विताले ब्रमानी याने त्यानंतर खडक आणि बर्फ दोन्हीवर चालेल असा खोल खाचांचा रबरी सोल तयार केला, तो १९३७ मध्ये आला. व्हायब्रम म्हणतात तो हाच, त्याच्या नाव-आडनावातून आलेला. बावीसशेच्या शूजला खरा व्हायब्रम मिळणार नाही आणि त्याची तुला गरजही नाही. पण बूट घेताना पैसे कुठे घालायचे याचं उत्तर तेव्हापासून तेच आहे, तळव्यात.

वॉटरप्रूफचं थोडक्यात सांगते. डिसेंबरात सहसा पाऊस नसतो. पावसाळ्यात आपल्याकडे ओढ्यात गुडघाभर उतरावं लागतं, पाणी वरून बुटात शिरतं आणि वॉटरप्रूफ बुटात ते तसंच साठून राहतं. जाळीच्या कापडाचा शूज दहा पावलांत पाणी ओकून टाकतो. स्वस्त बुटात ‘वॉटरप्रूफ’ म्हणजे बहुतेक वेळा कापडाआड प्लास्टिकचा थर असतो, घाम आत कोंडतो, कातडी भिजून मऊ पडते आणि फोड येतात. त्या शब्दासाठी एक रुपयाही जास्त देऊ नकोस.

घोट्याच्या वर येणाऱ्या उंचीचाही फार विचार करू नकोस. मऊ कापडाची कॉलर घोटा मुरगळण्यापासून वाचवत नाही. टाचेभोवतीचा कप घट्ट आहे का, ते जास्त महत्त्वाचं. मागून टाच दोन बोटांच्या चिमटीत दाब. ती कागदी पेल्यासारखी आत चेपली तर शूज सोडून दे. मग बूट दोन्ही हातांनी धरून ओला टॉवेल पिळतो तसा पीळ. थोडा पीळ बसावा, टॉवेलसारखा पूर्ण वळू नये. शेवटी टोक वर दाबून वाकव. वाक चवड्याच्या रेषेत, जिथे बोटं वाकतात तिथे आला पाहिजे. पोटात, म्हणजे कमानीखाली वाकणारा शूज घालून रतनगडच्या दरवाजाआधीच्या लोखंडी शिड्या चढून बघितल्यास की मी काय म्हणते ते कळेल. शिडीच्या पातळ गजावर सगळा भार कमानीवर येतो आणि सोल वाकला तर पायाला ओरखडल्यासारखी कळ येते. शिवाय उंच बूट जड असतात, आणि पायातलं ओझं पाठीवरच्या ओझ्यापेक्षा कितीतरी जास्त दमवतं.

आता एक गोष्ट, तुझ्या लीडरसाठीसुद्धा. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे चांगले महाग बूट होते, नावाजलेल्या कंपनीचे. जपून वापरायचे म्हणून मी ते डोंबिवलीच्या घरात माळ्यावर ठेवले आणि साध्या शूजवर हिंडत राहिले. चार-पाच वर्षांनी नाणेघाटासाठी काढले. वरून नव्यासारखे होते, पुसलं की चमकत होते. वैशाखऱ्याच्या बाजूने चढले, काही झालं नाही. उतरताना जंगलात शिरायच्या आधीच उजवा पाय अचानक खाली गेल्यासारखा वाटला. वाकून बघितलं तर तळव्याचा खालचा रबरी थर चवड्याकडून सुटून जिभेसारखा लोंबत होता, आणि मधला थर बोट लावलं की भिजलेल्या खारी बिस्किटासारखा कुस्करत होता. बोटांना काळपट-पिवळा चिकट भुगा लागला. सॅकची दोरी कापली, सोल बुटाला बांधला, वरून पंचा गुंडाळला आणि दर दहा मिनिटांनी गाठ आवळत खाली आले. तासाभराची उतरण अडीच तास चालली. जोडीदारीण सबंध वाट माझ्या पुढे चालत होती, मी घसरले तर अडवायला.

नंतर कारण कळलं. पुष्कळ बुटांचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो, म्हणजे पीयूचा. हवेतल्या ओलाव्याने तो आतल्या आत तुटत जातो, बूट वापरा की नका वापरू. उलट कपाटात पडून राहिलेला बूट जास्त दगा देतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे लवकर होतं. स्वस्त शूजमध्ये मधला थर बहुधा ईव्हीए नावाच्या फोमचा असतो. तो असा कुस्करत नाही, वापरून वापरून चपटा होतो आणि मग टाच दुखायला लागते. म्हणून खोक्यावरचा बनवल्याचा महिना आणि साल नेहमी बघ. सेलमध्ये जुना साठा काढतात, तिथे तर हटकून बघ. तुझे बूट साडेपाच हजारांवरून बावीसशेवर का आले हे मला माहीत नाही, पण छापील किमतीवरून बुटाची पारख होत नाही. दोन वर्षांहून जुना पीयूचा बूट मी आता कितीही स्वस्त मिळाला तरी घेत नाही.

मग घ्यायचं काय? यावेळी ऑनलाइन नको. दुकानात जा, संध्याकाळी जा, ट्रेकला घालणार तेच मोजे घेऊन जा. सह्याद्रीतली मंडळी वर्षानुवर्षं ॲक्शनचे ट्रेकिंग शूज घालत आलीत, दिसायला साधे, पण रबरी तळवा कातळाला चांगला धरतो म्हणून. नेपाळातल्या वाटांवर गोल्डस्टारचं तसंच आहे. डेकॅथलॉनमध्ये क्वेचुआचे कमी किमतीचे शूज घालून, फिरून बघता येतात आणि तिथे कोणी घाई करत नाही. यातल्या प्रत्येकाचा साचा वेगळा असतो. मला बसलेला शूज तुला बसेलच असं नाही, त्यामुळे अमुकच घे असं सांगत नाही. पायात घालून नाडी नीट आवळ, टाच उचलून बघ. टाच आत थोडी हलली तर चालेल, सुटून वर आली तर नाही. दुकानात जिना असेल तर दोन-तीनदा उतर. जिना नसेल तर चवडा भिंतीच्या पायाशी चारदा जोरात आपट. बोटं पुढे लागली तर अर्धं माप वर जा.

वरच्या भागाचा आणि सोलचा जोड चवड्याच्या बाजूला नखाने उकलून बघ, फट सगळ्यात आधी तिथेच पडते. सोलची कड वर चढलेली असेल तर घरी आणल्यावर मोचीकाकांकडून सगळीकडून मेणाच्या दोऱ्याने शिवून घे. पाणी टाक्यांतून आत जाईल, जाऊ दे. नुसत्या गोंदावर तीन दिवस काढण्यापेक्षा ते बरं.

दोनशे-तीनशे रुपये मोज्यांसाठी राखून ठेव. शाळेसारखे सुती मोजे नकोत, ते घाम पितात आणि ओलेच राहतात. सिंथेटिक किंवा लोकरमिश्रित दोन जोड घे, एक पायात, एक सॅकला वाळत. बजेट इतकंच असेल तर शूज शे-दोनशेने स्वस्त घे, पण मोज्यांवर कपात करू नकोस.

लीडरवर रागावू नकोस. चार जणांना तीन दिवस रानातून सुखरूप आणायची जबाबदारी त्याची आहे आणि नवख्या माणसाच्या पायाकडे त्याने बघायलाच हवं. त्याची काळजी बरोबर आहे, किमतीचा आकडा बरोबर नाही. सात-आठ हजारांत मिळतो तो जास्त टिकाऊपणा आणि आराम, वर्षाला दहा ट्रेक करणाऱ्याला तो परवडतो. तुझा पहिला मोठा ट्रेक आहे. नवे शूज घेतलेस की त्याला तळवे दाखव, रबर दाबून बघू दे आणि त्याच्याबरोबर सिंहगडावर जा. पायथ्याच्या आतकरवाडीपासून पायवाटेने चढायचं, गाडीने नाही, आणि पायवाटेनेच उतरायचं. तुला उतरताना बघितलं की त्याचं समाधान होईल.

चपलेवर गड चढणाऱ्यांबद्दल तुझा दुसरा मित्र म्हणतो ते मी कितीदा डोळ्यांनी बघितलंय. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनईत डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन प्लास्टिकच्या चपलेवर कातळ उतरणाऱ्या बायकांना मी हात जोडते. पण त्यांच्या तळव्यांना आणि घोट्यांना चालायला लागल्यापासूनची सवय आहे, वाटेवरचा प्रत्येक दगड ओळखीचा आहे. आपण ऑफिसच्या खुर्चीतून थेट तिथे जातो. आणि त्यांनाही विचारून बघ, परवडत असतं तर चांगले शूज घातले नसते का. त्यांच्या नाइलाजाचा दाखला देऊन तुझे पैसे वाचवणं मला पटत नाही.

ट्रेकला जेमतेम महिना उरलाय. शूज घेतल्यावर पहिला आठवडा ऑफिसला तेच घालून जा. मग एका शनिवारी सॅकमध्ये ५ किलोच्या आट्याच्या दोन पिशव्या भरून बिल्डिंगचा जिना दहा वेळा उतर. लिफ्टने वर जा, पायांनी खाली ये, आपल्याला उतरणंच तपासायचंय. कुठे चुरचुरलं तर ती जागा लक्षात ठेव आणि ट्रेकच्या दिवशी फोड यायच्या आधीच तिथे चिकटपट्टी लाव. त्यानंतर सिंहगड, जमलं तर पायथ्याच्या गुंजवणे गावातून चोरदरवाजाने राजगडही. तिथे कातळात रेलिंगला धरून चढावं-उतरावं लागतं, रतनगडची चांगली तालीम होईल. नखं ट्रेकच्या दोन दिवस आधी सरळ काप. आणि माथ्यावरून उतरायला सुरुवात करताना प्रत्येक वेळी थांबून नाडी नव्याने आवळ, घोट्याजवळ जास्त, म्हणजे पाय पुढे सरकणार नाही. बाकीचे पुढे गेले तरी चालतील, दोन मिनिटं लागतात.

सॅकमध्ये तीन मीटर नायलॉनची दोरी, थोडी डक्ट टेप आणि चार-पाच केबल टाय ठेव. नाणेघाटानंतर मी त्यांच्याशिवाय घर सोडत नाही.

एवढं सगळं करून सिंहगडाच्या उतारावर अंगठा परत टेकला तर या वेळी रतनगड सोड आणि तसं मित्रांना स्पष्ट सांग. कुणी हसलं तर हसू दे. कुमशेतहून मधेच परत फिरणं तुझ्यापेक्षा त्यांनाच जास्त जड जाईल.

बूट परत पाठवताना खोकं, आतला कागद आणि लेबल जसंच्या तसं ठेव, परतीचं कारण ‘माप लहान’ असं लिही, ते खरंच आहे. पाचव्या-सहाव्या दिवसावर ठेवू नकोस, उद्याच नोंदव. नवे शूज आणलेस की गादी काढून तिच्यावर उभा राहा आणि डाव्या पायापुढे किती जागा उरली ते मला कळव. सेंटिमीटरपेक्षा कमी भरली तर तेही बदलायला वेळ असेल.

तुझी ताई